समोरची पार्टी

१४ ऑक्टोबर २०२४, चंद्रपूर

प्रबंधाचा आराखडा मार्गदर्शक मॅडमकडून परत आला. समासात लाल पेनाने एवढंच लिहिलंय : ‘संहिता कुठे आहे?’ विषय मी घेतलाय सादरीकरणाच्या कवितेचा. शिकागोच्या स्लॅमपासून आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत. मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. एम.ए.च्या प्रबंधाला परिशिष्ट लागतं आणि परिशिष्टाला छापता येतील अशा ओळी लागतात. माझ्याकडे आहेत मोबाईलमधली रेकॉर्डिंग, त्यातही निम्मा आवाज जनरेटरचा.

स्लॅमचा भाग तयार आहे. मार्क स्मिथ हा शिकागोतला बांधकामावर काम करणारा माणूस. प्राध्यापकी काव्यवाचनांना कंटाळून त्याने १९८४ साली ‘गेट मी हाय’ नावाच्या जॅझ क्लबात कवींसाठी माईक उघडा केला आणि जुलै १९८६ मध्ये ‘ग्रीन मिल’ या जुन्या बारमध्ये स्पर्धाच लावली. तिथून नियम पक्के होत गेले. ऐकायला आलेल्यांतलेच कोणीही पाच जण पंच. शून्य ते दहा गुण. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, पुढे गुण कापले जातात. वाद्य नको, वेश नको, हातात वस्तू नको. कविता स्वतःची पाहिजे. १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि हे लोण जगभर गेलं. पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये ते कधीच पोचलंय.

हे नियम आमच्याकडे लावले तर ढोलकी वाजली की पार्टी बाद. साडी नेसलेला गडी नाचायला उभा राहिला की बाद. आणि तीन मिनिटांत आमचा सुरुवातीचा गणसुद्धा आटपत नाही.

१६ ऑक्टोबर

दिवसभर दीक्षाभूमीवर. १९५६ साली नागपूरचा १४ ऑक्टोबरचा सोहळा झाल्यावर बाबासाहेब इकडे आले आणि १६ तारखेला चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दरवर्षी या दिवसांत शहराचं रूप पालटतं. पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. खेड्यातून आलेली बाई नातवासाठी हिशेब करून एक पुस्तक घेते आणि पिशवीत साड्यांच्या मधोमध ठेवते. गाण्यांच्या दुकानात पूर्वी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात.

एका दुकानावर कव्वालीच्या जुन्या कार्यक्रमाची पत्रिका चिकटवलेली दिसली : ‘दुय्यम कव्वाली’. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर. दुकानदार काका स्वतः बेंजो वाजवायचे. वामनदादा कर्डकांचं नाव निघालं तसे ते खुर्चीतून उठूनच बोलायला लागले. वामनदादा सिन्नरजवळच्या देशवंडीचे. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिले. विठ्ठल उमपांचं तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच प्राणोत्क्रमण झालं. काकांना दोघांचीही कितीतरी गाणी पाठ आहेत. मी विचारलं, मुकाबल्यात कोण जिंकलं हे ठरायचं कसं?

“बक्षिसावरून. अमक्या वार्डातून अकरा रुपये, तमक्या बाईकडून एकवीस. मायकावर नाव पुकारायचं. पन तेवढ्यावर नाई, बाई. लोकं कोनाच्या बारीत च्या प्यायला उठले, ते पाह्यचं.”

हा निकष ग्रीन मिलवाल्यांनाही पटला असता.

कालपासून विधानसभेची आचारसंहिता लागली. सभेच्या परवानग्यांची बोलणी जिकडेतिकडे.

२७ ऑक्टोबर, वडसा

चांदाफोर्टवरून गोंदियाची गाडी. मूल, सिंदेवाही, नागभीड. मध्ये साग आणि धानाच्या बांध्या, आणि कुठे कुठे हलका धान कापून पडलेला. वडसा म्हणजे देसाईगंज. इथल्या बाजारात नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत. दारावर नटनट्यांच्या फोटोंचा फलक, आत टेबल, कॅलेंडर आणि तारखांची वही. गावाचं मंडळ येतं, नाटक ठरवतं, बयाणा देतं. मंडप, तिकीट, बंदोबस्त गावाचा. उरलेला पैसा गावच्या देवळाला, शाळेला, नाहीतर मंडळाच्या भांडणाला. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कलाकारांना झोप दिवसाच. याच पट्ट्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून मोठ्या शहरातले पत्रकारही वडशाचं तिकीट काढू लागले.

शंकरपट आणि नाटक यांची जोडी जुनी. दिवसा बैल पळायचे, रात्री पडदा वर जायचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या तेव्हा पटासोबतची नाटकंही अडली, असं एका मॅनेजरने सांगितलं. २०२१च्या अखेरीस शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.

नाटकाचा अभ्यास करणारे खूप आहेत. मला पाहिजे होती खडी गंमत, इकडची उभ्याने होणारी शाहिरी. मॅनेजर हसले. “ते आता नाटकाच्या रातच्याले कोन पाह्यते? मंडईत दुपारी उभी करतात. रातच्याले पाह्यची तं नागभीडकडं जा.”

५ नोव्हेंबर, नागभीडजवळचं एक गाव

मामा सोबत आले म्हणून रात्रभर थांबता आलं. आईची तीच अट होती. बायकांच्या बाजूला फारी अंथरली होती. तिथे म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्याच जास्त, माझ्या वयाच्या दोघी-तिघी. शाल, स्वेटर, शेंगदाणे.

दुपारी मंडई झाली. गोवाऱ्यांच्या ढाली नाचल्या, जिलबी आणि लाल-पिवळ्या फुग्यांची दुकानं लागली. रात्री चौकात दोन पार्ट्यांची दुय्यम गंमत : एक इथली, दुसरी पवनीकडची. पडदा नाही, पायरी नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं, मंजिरी. साथीदार मागे उभे, शाहीर पुढे, सगळा खेळ उभ्यानेच. आधी इकडच्यांचा गण, मग तिकडच्यांचा. गवळणीत साडी नेसलेल्या गड्याने मावशीच्या सोंगाबरोबर जे विनोद केले ते मी परिशिष्टात घालणार नाही. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू मलाही आलं, पण त्या विनोदांत मार कायम बाईलाच बसतो. शाहिरीचं कौतुक लिहिताना हे गाळायचं असेल तर प्रबंध लिहू नये.

मध्यरात्र उलटल्यावर झगडा सुरू झाला. पूर्वी कलगीवाले शक्तीला थोर म्हणत आणि तुरेवाले शिवाला. त्यावर पहाटेपर्यंत कोडी घालत. आज सुरुवात तिथूनच झाली, माया मोठी की ब्रह्म मोठं, पण दोन फेऱ्यांत दोन्हीकडचे त्यातून बाहेर पडले. इकडच्या शाहिराने अचानक वाघ काढला. ब्रम्हपुरी, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात वाघ म्हणजे कवितेतलं जनावर नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, ढोरं चारायला गेलेलं माणूस परत आलं नाही, अशी घरं गावोगाव आहेत. सवाल असा : वाघाने माणसाचं रान घेतलं की माणसाने वाघाचं? चाल ठसक्याची, शेवटचा शब्द खेचून धरलेला. म्हटलं तर साधा सवाल, पण ज्याच्याकडे तो गेला त्याची दोन्हीकडून कोंडी. माणसाची बाजू घेतली तर रान कोणी तोडलं ते सांगा. वाघाची घेतली तर समोर बसलेत त्यांना तोंड दाखवा.

पवनीकडचे शाहीर लगेच उठले नाहीत. ढोलकीवाल्याला त्यांनी हातानेच तीच चाल चालू ठेवायला सांगितली. दोन आवर्तनं रिकामी गेली. मग त्यांनी इकडच्या शाहिराने खेचून सोडलेला शेवटचा शब्द उचलला, त्यालाच आपला पहिला शब्द केला आणि गायला लागले. म्हणणं असं की वाघ आणि माणूस हे दोन भाऊ, वाटणीवरून भांडत बसले. तेवढ्यात तिसरा आला, फीत लावून रान मोजलं आणि नकाशाच घेऊन गेला. तो तिसरा कोण हे सांगितलंच नाही. कोणी वनखातं समजलं, कोणी खाण, कोणी रिसॉर्ट. माझ्या बाजूची आजी म्हणाली, “पटवारी!”

नोटा आल्या. इकडच्या गावाने तिकडच्या शाहिराला दिल्या. सगळ्यात आधी उठून दहाची नोट लावली ती सवाल घालणाऱ्या शाहिरानेच.

६ नोव्हेंबर

झोप दोन तास. सकाळी इकडच्या शाहिरांच्या घरी. सत्तरीच्या पुढचे असावेत. सगळे आबाजी म्हणतात, मीही म्हटलं. धान कापणीची घाई, तरी खाट टाकून बसले. मी त्यांना मोबाईलवर स्लॅमचा एक व्हिडिओ दाखवला, मुंबईतल्या मुलीचा. हिंदी-इंग्रजी मिसळलेली कविता, आवाज काबूत, हात जागच्या जागी. आबाजींनी पूर्ण पाहिला.

“पोरगी तयार आहे. सामने कोन आहे?”

मी स्पर्धा समजावली. ही झाली की दुसरा येतो, मग तिसरा. प्रत्येकाला गुण.

“हे गाते तवा तो दुसरा का करते?”

“आपली बारी पाहत बसतो. मनात स्वतःची कविता घोकतो.”

“म्हंजे आयकत नाई.” आबाजींनी मोबाईल परत दिला. “मंग मुकाबला कायचा? जो तो आपलं आपलं म्हनून घरी जाते.”

मी वाद घातला. म्हटलं, त्या मुलीला तीन मिनिटं कोणी मध्ये बोलत नाही, हीच तिची कमाई आहे. इथे रात्रभरात एक तरी बाई उभी राहिली का? आबाजी गप्प बसले. मग चहा मागवला आणि म्हणाले, “थे बी खरं.”

रात्रीचं रेकॉर्डिंग घरी येऊन उतरवायला घेतलं. सवाल कागदावर नीट उतरला. जवाब उतरला तेव्हा तो निव्वळ फुसका वाटला : दोन भाऊ, एक तिसरा, एक नकाशा. आधीचा शब्द वर नाही, तो उचलल्याची गंमत नाही, दोन आवर्तनांचं ते थांबणं नाही. हा जवाब एकट्याने कुठल्याही दिवाळी अंकाकडे पाठवला तर साभार परत येईल. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं की संहिता आहे, पण ती एका कवीच्या नावावर चढत नाही.

१२ नोव्हेंबर, चंद्रपूर

ग्रंथालयात. मराठीत कविता लोकांपुढे म्हणण्याची नवी चाल पाडली ती १९२३च्या रविकिरण मंडळाने. माधव जूलियन, यशवंत, गिरीश. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्र पिंजून काढला. आपल्या चंद्रपुरातही साहित्य संमेलन दोनदा झालं : १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष, २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके. संमेलनाच्या कविसंमेलनात सूत्रसंचालक चिठ्ठी पाठवतात, ‘एकच कविता’. तिथेही कोणी कोणाला उत्तर देत नाही. टाळ्या पडतात, पुढचं नाव पुकारलं जातं.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आज पुन्हा वाचली. आदिवासींच्या नावाने उभारलेल्या मंचावर आदिवासी कुठे असतो, हा तिचा प्रश्न. सोनवणे पार सातपुड्याकडचे, पण इथे प्रत्येक मंचाखाली ती कविता ठेवावी अशी आहे.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी प्रचार थांबला आणि कान मोकळे झाले. गेले कित्येक दिवस एकाच चौकात तीन उमेदवारांचे ऑटो, तिन्हींवर सिनेमाच्या चालीची गाणी. एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवायचा. प्रत्येकाला बारी होती, जवाब एकाचाही नव्हता.

२४ नोव्हेंबर, चिमूर

काल निकाल लागला. चिमूरच्या बसमध्ये सगळे त्यावरच बोलत होते. मी इथे आले तुकडोजी महाराजांसाठी. माझ्या मैत्रिणीचं मत असं की भजन म्हणजे कविता नव्हे, ते तुझ्या प्रबंधात कशाला? तिने खंजिरी ऐकलेली नाही. हाताच्या पंजाएवढं वाद्य, कडेला झांजा, आणि महाराज ती अशी वाजवायचे की शब्दाआधी लय पोचायची. १९४२ साली ते इथे आले होते. दगडधोंड्यांनाही लढायला उभं करणारी त्यांची भजनं गावाने ऐकली आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबारात शाळकरी वयाचा बालाजी रायपूरकर गेला. इंग्रज सरकारचे अधिकारीही मारले गेले. मग गोरे शिपाई आले आणि त्यांनी गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले त्यासाठी प्राध्यापक भन्साळींना उपोषणाला बसावं लागलं. महाराजांना त्याच महिन्यात पकडलं. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

हुतात्मा स्मारकाजवळ बसून वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे सवाल, उजवीकडे जवाब. आबाजींची पद्धत इथे लावली तर गाणारा एक आणि जवाब देणाऱ्या पार्ट्या दोन. गावाने एक जवाब दिला, सरकारने दुसरा. सरकारला ही कविता समजली होती, नाहीतर खंजिरीवाल्याला तुरुंगात कशाला टाकलं असतं? एवढ्या काळजीपूर्वक ऐकणारे पंच स्लॅमलाही मिळाले नसतील.

८ डिसेंबर, एटापल्लीकडे

आष्टी सोडली की रस्त्याकडेची झाडं लोहखनिजाच्या धुळीने लाल. सुरजागडच्या ट्रकांच्या रांगा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पण या टोकाला आलं की चंद्रपूर, गडचिरोली दोन्ही सारखेच लांब वाटतात.

मैत्रिणीच्या मावशीकडे मुक्काम. त्या माडिया, मराठीही छान बोलतात. सगळ्यात आधी म्हणाल्या, मोबाईल आत ठेव. या भागात गाणं म्हणजे नुसतं गाणं नव्हतं बरीच वर्षं. ‘रेला’ या नाचगाण्याच्या चालीवर एका बाजूने आपलं गाणं बांधलं, दुसऱ्या बाजूनेही बांधलं. ओठावर कोणतं आलं त्यावरून माणूस कोणाचा हे ठरायचं. म्हणून रेकॉर्डिंग नाही. ही पानं रात्री आठवून लिहितेय.

अंगणात बायकांच्या दोन ओळी, एकमेकींच्या कमरेत हात. एक ओळ पद म्हणत पुढे सरकते, थांबते. दुसरी तेच पद घेऊन परत ढकलते, त्यात आपलं काही घालून. ‘रेला’ हा पालुपदातला शब्द सगळ्यांचा. मधली जागा ज्याची बारी त्याची. विषय काय, तर यंदा लग्न होऊन आलेल्या सुनेचा नवरा मोबाईलवर किती बोलतो. दुसऱ्या ओळीने सांगितलं, बोलतो तेच बरं, सासरा तर बोलतच नाही. सासरा तिथेच शेकोटीशी बसला होता. गोंडी मला फार येत नाही, मावशी कानात सांगत होत्या आणि सांगता सांगता आपल्या ओळीत गेल्या.

गोंडी आणि आदिवासी जगण्यातून लिहिलेली कविता मराठीत आली आहे. भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम, कुसुम आलाम यांची पुस्तकं माझ्या टेबलावर आहेत. पण पुस्तकावर एक नाव लागतं. या अंगणात मी विचारलं, हे पद कोणाचं? मावशींनी समोरच्या ओळीकडे बोट दाखवलं. समोरच्या ओळीने आमच्याकडे.

आणि हो, इथे सगळ्या गाणाऱ्या बायकाच होत्या. आबाजींना हे सांगायचंय.

२१ डिसेंबर, चंद्रपूर

कॉलेजात आम्ही स्लॅम घेतला. नियम मार्क स्मिथचेच, एक नियम माझा : आधीच्या कवीने जो शेवटचा शब्द टाकला तिथून सुरुवात करायची आणि त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं. निम्म्या मुलांनी नाव मागे घेतलं. तयार कविता पाठ करून आलेल्यांचे हाल झाले. एक जण आईवरची कविता घेऊन आला होता. त्याच्या आधीच्या मुलीने औष्णिक वीज केंद्राच्या राखेवर म्हटलं आणि शेवटचा शब्द टाकला ‘खोकला’. तो मिनिटभर उभा राहिला. मग म्हणाला, माझ्या आईलाही आहे, आणि पुढचं त्याने तिथेच जुळवलं. कच्चं होतं, यमक तर दोन ठिकाणी पडलं. पण हॉल पहिल्यांदा शांत झाला तो त्या वेळी.

पंचांनी त्याला पाच, सहा असेच गुण दिले. पाठ केलेली गुळगुळीत कविता म्हणणाऱ्या आणि माझा नियम सरळ धाब्यावर बसवणाऱ्या मुलाला नऊ. मागच्या बाकांवरून आरडाओरड झाली. पोंभुर्ण्याकडची एक मुलगी उठली, माईकपाशी गेली आणि नऊ देणाऱ्या पंचालाच झाडीबोलीत चार ओळींचा सवाल टाकला. तिचं नाव यादीत नव्हतं. तिला गुण द्यायचे की नाही यावर वाद झाला आणि तिथेच कार्यक्रम संपला.

२३ डिसेंबर

मॅडमना दोन रकान्यांचं परिशिष्ट दाखवलं. त्यांनी बराच वेळ चाळलं. म्हणाल्या, चालेल, पण प्रत्येक जोडीखाली लिही : कुठे, कोणापुढे, किती वाजता, आणि ऐकणाऱ्यांनी काय केलं. मी ‘पटवारी’ म्हणणारी आजी त्यात घालू का विचारलं. “तिलाच घाल,” म्हणाल्या. एक सूचना अजून : गवळणीतल्या विनोदांवर वेगळं प्रकरण कर, तळटीप नको.

उजव्या रकान्यात अजून काही जागा रिकाम्या आहेत. नागभीडच्या रात्री पहाटेकडे मोबाईल बंद पडला आणि शेवटचे जवाब राहून गेले. आबाजींना फोन केला, म्हटलं, तुम्हाला आठवत असतील तर सांगा, मी लिहून घेते.

“एकट्यानं नाई येत बाई थे,” आबाजी म्हणाले. “सामनेवाला आनजो, मंग गातो.”

सामनेवाले पवनीकडचे. जानेवारीत सिंदेवाहीकडे शंकरपट आहे, तिथे दोघेही येतील असं मामा म्हणतात. नंबर मामांकडे आहे. मावशींनाही विचारून पाहणार आहे, त्या येतात का. आल्या तर तिसरी पार्टी होईल.